विश्लेषण : ‘सेक्स रॅकेटचा पर्दाफाश’ या मथळ्यात काय हरवते?

‘स्पाच्या नावाखाली सेक्स रॅकेट, पाच तरुणींची सुटका, दोघे ताब्यात.’ मोबाइलवर येणाऱ्या बातम्यांच्या सूचनांमध्ये हा मथळा ठरावीक काळाने दिसतोच. शहराचे नाव बदलते, आकडे बदलतात, शब्द मात्र तेच राहतात. अनेक वाचक बातमी उघडतही नाहीत, मथळा वाचून पुढे जातात. म्हणजे मानवी तस्करी या गंभीर गुन्ह्याबद्दल त्यांच्या मनात जे चित्र तयार होते, ते या आठ-दहा शब्दांतूनच. हे शब्द कुठून येतात, कायद्याशी ते कितपत जुळतात आणि ते चुकले तर नुकसान कोणाचे होते, याचा हा आढावा. तो घेताना बोट केवळ दुसऱ्यांकडे दाखवून चालणार नाही. हे शब्द आमच्या पानांवरही छापले जातात.

नेहमीची बातमी कशी असते?

नमुना म्हणून रचलेली ही बातमी पाहा : ‘उपनगरातील एका लॉजवर सुरू असलेल्या हायप्रोफाइल सेक्स रॅकेटचा पोलिसांनी पर्दाफाश केला. गोपनीय माहितीच्या आधारे बनावट ग्राहक पाठवून खात्री करण्यात आली. इशारा मिळताच छापा टाकून देहविक्रय करणाऱ्या पाच तरुणींना रंगेहाथ पकडण्यात आले. लॉजच्या व्यवस्थापकासह एका महिला दलालाविरुद्ध ‘पिटा’ अंतर्गत गुन्हा दाखल करण्यात आला. तरुणींची रवानगी सुधारगृहात करण्यात आली.’

मराठी वाचकाला यात काहीच खटकणार नाही, इतकी ही भाषा सवयीची आहे. पण शब्द एकेक करून तपासले की अडचण दिसते. ‘रंगेहाथ’ पकडतात तो गुन्हेगाराला. लाच घेणारा रंगेहाथ सापडतो, चोर सापडतो. मग ज्यांची ‘सुटका’ झाली त्याच तरुणी ‘रंगेहाथ’ कशा सापडल्या? पाच ओळींच्या बातमीत त्या आधी आरोपी होतात, मग पीडित आणि शेवटी सुधारायला पाठवण्याजोग्या व्यक्ती. ‘हायप्रोफाइल’ या शब्दाने बातमीला चटकदारपणा येतो, माहितीत भर पडत नाही. त्या तरुणी तिथे कशा आल्या, कोणी आणल्या, कमाई कोणाच्या खिशात जात होती, त्यांच्यावर कोणाचे कर्ज होते का, यातले काहीच वाचकाला कळत नाही. मानवी तस्करीचा गुन्हा मात्र याच प्रश्नांच्या उत्तरांत असतो.

तस्करी, वाहतूक की अपव्यापार?

घोळ गुन्ह्याच्या नावापासूनच सुरू होतो. संविधानाचा अनुच्छेद २३ माणसांच्या अपव्यापाराला आणि वेठबिगारीला मनाई करतो. ‘अपव्यापार’ हा शब्द कायद्याच्या पुस्तकातच राहिला. पोलिसांच्या विशेष कक्षांना महाराष्ट्रात ‘अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्ष’ म्हणतात. इंग्रजीतील ‘ट्रॅफिक’चे सरळ ‘वाहतूक’ करून टाकल्याचा हा परिणाम. बातम्यांमध्ये रूढ झाला तो तिसरा शब्द : ‘मानवी तस्करी’.

हा शब्द आता इतका रुळला आहे की तो बदलता येणार नाही आणि या लेखातही तोच वापरला आहे. पण त्याची मर्यादा ओळखायला हवी. तस्करी म्हटले की सोने, दारू, गुटखा आणि सीमेवरून चोरून नेलेला माल डोळ्यांसमोर येतो. इंग्रजीत ‘स्मगलिंग’ आणि ‘ट्रॅफिकिंग’ हे दोन वेगळे गुन्हे आहेत आणि संयुक्त राष्ट्रांनी २००० मध्ये त्यांच्यासाठी दोन वेगळे करारही केले. मराठीत दोन्हींना ‘तस्करी’च म्हणतात. त्यामुळे ट्रॅफिकिंगमध्ये सीमा ओलांडावी लागते, असा समज होतो.

प्रत्यक्षात या गुन्ह्याचे तीन भाग असतात. पहिला, माणसाला भरती करणे, नेणे, ठेवून घेणे किंवा दुसऱ्याच्या ताब्यात देणे. दुसरा, त्यासाठी धमकी, जबरदस्ती, फसवणूक, आमिष किंवा अधिकाराचा गैरवापर. तिसरा, शोषणाचा हेतू. ही तिन्ही कामे एकाच तालुक्यात, एका गावातून शेजारच्या गावात, अगदी एकाच घरात होऊ शकतात. ‘वाहतूक’ आणि ‘तस्करी’ हे दोन्ही शब्द हलवाहलवीकडे लक्ष वेधतात आणि शोषण मागे राहते.

कायदा कोणाला आरोपी मानतो?

अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम १९५६ चा आहे. १९८६ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि त्याचे नावही बदलले. बातम्यांमधला ‘पिटा’ तो हाच. या कायद्यानुसार कुंटणखाना चालवणे, दुसऱ्याच्या देहविक्रयाच्या कमाईवर जगणे, एखाद्या व्यक्तीला देहविक्रयासाठी मिळवणे किंवा नेणे हे गुन्हे आहेत. देहविक्रय करणे हा मात्र स्वतंत्र गुन्हा नाही. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये तीन प्रौढ महिलांना संरक्षणगृहातून मुक्त करताना हे स्पष्ट शब्दांत सांगितले. मात्र सार्वजनिक ठिकाणाजवळ देहविक्रय करणे (कलम ७) आणि त्यासाठी ग्राहकांना खुणावणे (कलम ८) शिक्षापात्र आहे. पोलिसांच्या कारवाईत महिला आरोपी होतात त्या बहुधा याच कलमांखाली. त्यामुळे कोणत्या कलमाखाली आणि कोणाविरुद्ध गुन्हा दाखल झाला, हे बातमीत सांगितले नाही तर वाचकाला काहीच कळत नाही. नुसते ‘पिटा अंतर्गत कारवाई’ म्हणणे म्हणजे ‘कायद्यानुसार कारवाई’ म्हणण्यासारखे आहे.

दुसरा कायदा भारतीय न्याय संहिता. १ जुलै २०२४ पासून ती लागू आहे. तिच्या कलम १४३ मध्ये मानवी तस्करीची व्याख्या आहे आणि शिक्षा किमान ७ वर्षे, पीडित बालक असल्यास किमान १० वर्षे. पूर्वी हे भारतीय दंड विधानाच्या कलम ३७० मध्ये होते. निर्भया प्रकरणानंतर २०१३ मध्ये ते कलम नव्याने लिहिले गेले. या व्याख्येत शारीरिक शोषण, लैंगिक शोषण, गुलामी, वेठ आणि सक्तीने अवयव काढून घेणे येते. नव्या संहितेने त्यात भीक मागायला लावण्याची भर घातली. याच कलमात महत्त्वाचे स्पष्टीकरण आहे : तस्करीचा गुन्हा ठरवताना पीडित व्यक्तीची संमती गैरलागू आहे. म्हणजे नोकरीचे खोटे आमिष दाखवून आणलेली मुलगी ‘स्वखुशीने आली होती’ असे लिहिल्याने गुन्हा संपत नाही. फसवून मिळवलेली संमती कायदा मोजत नाही. बातमी मात्र अनेकदा मोजते.

१८ वर्षांखालील व्यक्तीबाबत तर संमतीचा प्रश्नच उद्भवत नाही. कायद्याने ती बालक आहे. ‘अल्पवयीन तरुणी देहविक्रय करताना आढळली’ हे वाक्य म्हणूनच चूक आहे. तिच्यावर लैंगिक अत्याचार होत होता, इतकेच त्याबाबत लिहिता येते.

व्याकरण कोणाची बाजू घेते?

मराठीत क्रियापद बदलले की जबाबदारी बदलते. तीन वाक्ये पाहू. ‘तरुणी देहविक्रय करत होत्या.’ ‘तरुणींकडून देहविक्रय करवून घेतला जात होता.’ ‘लॉजचालकाने तरुणींना देहविक्रय करायला लावले, असा आरोप आहे.’ घटना एकच, पण पहिल्या वाक्यात कर्ता तरुणी आहेत. दुसऱ्यात त्या कर्त्या उरत नाहीत, पण खरा कर्ता कोण हे दडलेले राहते. तिसऱ्यात तो समोर येतो. करणे, करवून घेणे आणि करायला लावणे यांतला फरक मराठीत शाळकरी मुलालाही कळतो. गुन्ह्याच्या बातमीत मात्र पहिल्या वाक्याची सवय लागली आहे, कारण ते सर्वांत लहान असते आणि मथळ्यात बसते.

आदरार्थी रूपांचेही तसेच. बातमीत पोलीस निरीक्षक ‘यांनी’ छापा टाकतात, नगरसेवक ‘म्हणतात’, पण चाळीस वर्षांची महिला ‘तिने सांगितले’ अशी येते. तिशीच्या महिलांना ‘मुली’ म्हटले जाते आणि सोळा वर्षांच्या मुलीला ‘तरुणी’. पहिल्या चुकीने प्रौढ व्यक्तीची निर्णयक्षमता काढून घेतली जाते, दुसऱ्या चुकीने बालकाचे संरक्षण. वय माहीत असेल तर ते लिहावे. १८ वर्षांखालील असेल तर ‘मुलगी’, प्रौढ असेल तर ‘महिला’ हा साधा नियम पाळला तरी बरेच काही सुधारेल.

दलाल, ‘आंटी’ आणि ‘आंबटशौकीन’

बातमीतल्या बाकीच्या पात्रांची नावेही ठरलेली असतात. व्यवहार जुळवणारा पुरुष ‘दलाल’ किंवा ‘एजंट’, अड्डा चालवणारी महिला ‘आंटी’, या सर्वांच्या मागे ‘आंतरराज्य टोळी’ आणि तिचा ‘म्होरक्या’. मोठ्या टोळ्या असतात, पण पहिला दुवा अनेकदा ओळखीचा असतो. गावातली मावशी, शहरात काम करणारा नातेवाईक, लग्नाचे वचन देणारा तरुण, मैत्रिणीची मैत्रीण. वाचकाच्या डोळ्यांसमोर काळा चष्मा घातलेला अनोळखी म्होरक्याच राहिला, तर मुलीला ‘मुंबईत घरकामाला नेतो’ म्हणणारी ओळखीची बाई त्याला धोक्याची वाटणार नाही.

‘आंटी’ हा शब्दही बरेच काही झाकतो. अड्डा चालवणाऱ्यांपैकी काही महिला स्वतः कधी काळी अशाच आणल्या गेलेल्या असतात. त्यामुळे त्यांचा आजचा गुन्हा माफ होत नाही. पण पीडितेला दुसऱ्यांना आणायच्या कामाला लावणे ही या धंद्याची एक पद्धत आहे आणि ती बातमीत आली तर वाचकाला तो धंदा समजतो. शिवाय आरोप सिद्ध होईपर्यंत दलाल हाही आरोपीच असतो. ‘नराधम’ हा शब्द न्यायालयाच्या आधी निकाल देऊन मोकळा होतो.

आणि ग्राहक? त्याला बातमीत एकतर जागाच नसते किंवा ‘आंबटशौकीन’ असे लाडिक विशेषण मिळते. आंबटशौकीन म्हणजे जरा खट्याळ माणूस, असा त्याचा सूर. व्यक्ती तस्करीतून आणलेली आहे हे माहीत असताना, किंवा तसे मानायला कारण असताना, तिचे लैंगिक शोषण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १४४ नुसार स्वतंत्र गुन्हा आहे. सोळा वर्षांच्या मुलीकडे पैसे देऊन गेलेला माणूस शौकीन नसतो, तो ‘पॉक्सो’ कायद्याखालचा आरोपी असतो.

‘सुटका’ झाली म्हणजे काय झाले?

‘सुटका’ हा बातमीतला सर्वांत दिलासा देणारा शब्द. पण त्यानंतर काय होते? कायद्यानुसार सोडवलेल्या व्यक्तीला दंडाधिकाऱ्यांसमोर आणि बालक असल्यास बालकल्याण समितीसमोर हजर केले जाते. चौकशी होईपर्यंत प्रौढ महिलेला संरक्षणगृहात ठेवता येते. हा मुक्काम काही आठवडे, कधी काही महिने आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने त्याहूनही लांबू शकतो. तिची मुले बाहेर असतात, घरी पैसे जाणे थांबलेले असते आणि दार उघडून निघून जाण्याचे स्वातंत्र्य नसते. उच्च न्यायालयात गेलेल्या त्या तीन महिलांची ‘सुटका’ खऱ्या अर्थाने न्यायालयाने केली, ती त्याच ‘सुटके’नंतरच्या मुक्कामातून.

‘सुधारगृहात रवानगी’ हा शब्दप्रयोगही तपासण्यासारखा आहे. या कायद्यात दोन वेगळ्या संस्था आहेत : पीडितांसाठी संरक्षणगृह आणि कलम ७ किंवा ८ खाली दोषी ठरलेल्या महिलांसाठी सुधारसंस्था. बातमीत दोन्ही एकच होतात. फसवून आणलेल्या व्यक्तीने काय सुधारायचे असते? ‘संरक्षणगृह’ लिहायला एकच अक्षर जास्त लागते.

परदेशी महिला ‘घुसखोर’ कधी होते?

मुंबई, ठाणे, पुणे, भिवंडी या भागांतील कारवाईत कधी बांगलादेशातून आणलेल्या महिला सापडतात. मग मथळ्यातला शब्द बदलतो. तस्करी मागे पडते आणि ‘बांगलादेशी घुसखोर महिला अटकेत’ असे छापले जाते. कागदपत्रांविना देशात येणे हा गुन्हा आहेच. पण तिला कोणी आणले, कोणत्या आमिषाने आणले, हे तपासण्याआधीच तिच्यावर परदेशी असल्याचा शिक्का बसतो आणि तिला आणणारा बाजूला राहतो.

केंद्रीय गृह मंत्रालयाने मे २०१२ मध्येच राज्यांना सूचना दिली होती की, चौकशीत परदेशी महिला किंवा बालक तस्करीचे पीडित आढळल्यास परदेशी नागरिक कायद्याखाली त्यांच्यावर आरोपपत्र दाखल करू नये. मानवी तस्करी रोखण्यासाठी भारत आणि बांगलादेश यांच्यात २०१५ मध्ये करारही झाला. सरकारी कागद ज्या महिलेला पीडित मानायला तयार आहेत, तिला बातमीने घाईने घुसखोर ठरवण्याचे कारण नाही.

स्पाबाहेरची तस्करी बातमीत का दिसत नाही?

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२२ च्या अंदाजानुसार जगात २ कोटी ७६ लाख लोक सक्तीच्या कामात अडकलेले होते. त्यांपैकी व्यापारी लैंगिक शोषणात अडकलेले ६३ लाख. म्हणजे चारपैकी तीनांहून अधिक लोक वीटभट्ट्या, शेते, कारखाने, घरे आणि बोटींवर होते. बातम्यांमध्ये मात्र मानवी तस्करी म्हटले की लॉज आणि स्पा हेच येते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशभरात मानवी तस्करीचे २,२५० गुन्हे नोंदवले गेले. १४० कोटींच्या देशात हा आकडा इतका लहान दिसतो, कारण आपण ज्याला तस्करी म्हणतो तेच नोंदले जाते. बाकीचे ‘मजुरीचा वाद’ म्हणून विरते.

उसाच्या फडाचे उदाहरण घ्या. मराठवाड्यातून ऊसतोड कामगार मुकादमाकडून ‘उचल’ घेऊन जोडीने ‘कोयता’ म्हणून जातात. हंगाम संपला तरी उचल फिटत नाही, ती पुढच्या हंगामावर चढते. कोणी काम सोडून गेले की बातमी येते : ‘उचल घेऊन मजूर पसार, मुकादमाची लाखोंची फसवणूक’. उचल घेऊन खरोखर फसवणूक करणारेही असतात आणि मुकादमही कधी कर्जात बुडतात. पण कर्जापोटी माणसाला कामावर अडकवून ठेवणे, सोडू न देणे, किमान वेतनापेक्षा कमी देणे ही वेठबिगारी आहे. १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याने असे कर्जच रद्द ठरवले आहे. त्यामुळे ‘पसार’ लिहिण्याआधी तो मजूर पळाला की सुटला, हे विचारायला हवे.

सप्टेंबर २०२२ मध्ये नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यात एका कातकरी मुलीच्या मृत्यूनंतर आदिवासी मुलांना मेंढ्या राखण्यासाठी वेठीला ठेवले जात असल्याची प्रकरणे उघडकीस आली. अशा वेळी ‘आईबापांनीच पोटची पोरे विकली’ हा मथळा सर्वांत आधी सुचतो. तो मनाला चटका लावतो आणि सगळा दोष झोपडीतल्या माणसांवर टाकून मोकळा होतो. मुले विकत घेणारा, त्यांच्याकडून दिवसरात्र काम करवून घेणारा आणि ते वर्षानुवर्षे न पाहणारी यंत्रणा, हे मथळ्याबाहेर राहतात.

याउलट उदाहरणही आहे. थायलंडमध्ये नोकरी देतो सांगून म्यानमारमधील केंद्रांत नेलेल्या आणि तिथे ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलेल्या भारतीयांपैकी ५०० हून अधिक जणांना मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी परत आणण्यात आले. त्यांच्यासाठी माध्यमांनी ‘सायबर गुलाम’, ‘अडकलेले तरुण’ असे शब्द वापरले. त्यांच्याकडून बेकायदा कामे करवून घेतली गेली, तरी बहुतेक बातम्यांनी त्यांना ‘रंगेहाथ पकडले’ नाही. ते योग्यच झाले. पण मग प्रश्न पडतो : नोकरीच्या आमिषाने फसलेला तरुण ‘अडकलेला’ असेल, तर त्याच आमिषाने फसलेली तरुणी ‘देहविक्रय करणारी’ का?

ओळख लपवणे म्हणजे केवळ नाव न छापणे का?

नाही. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. बालकांबाबत ‘पॉक्सो’चे कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचे कलम ७४ आणखी कडक आहेत : नाव, पत्ता, छायाचित्र, शाळा, कुटुंब, परिसर यांपैकी ओळख पटेल असे काहीच छापता येत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निपुण सक्सेना प्रकरणात सांगितले की, दूरान्वयानेही ओळख पटेल असा तपशील कोणत्याही माध्यमात नको.

देहविक्रयाच्या संदर्भात १९ मे २०२२ चा बुद्धदेव कर्मास्कर प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाचा आदेश महत्त्वाचा आहे. छापा, अटक किंवा सुटकेच्या कारवाईत देहविक्रय करणाऱ्या व्यक्तींची ओळख, त्या पीडित असोत वा आरोपी, उघड होणार नाही आणि त्यांची छायाचित्रे छापली जाणार नाहीत, यासाठी भारतीय प्रेस परिषदेने मार्गदर्शक सूचना द्याव्यात, असे त्यात म्हटले आहे.

तरी ओढणीने तोंड झाकून रांगेत बसलेल्या महिलांचे छायाचित्र अजूनही दिसते. चेहरा झाकलेला असतो, पण ओढणी, बांगड्या, चप्पल, हातावरचे गोंदण गावातल्या माणसांना ओळखू येते. ‘अमुक तालुक्यातील दोन बहिणी’ एवढे लिहिले की नाव लिहायची गरजच उरत नाही. कागदाचा अंक आठवड्याने रद्दीत जायचा. मोबाइलवरची लिंक वर्षानुवर्षे शोधता येते आणि लग्नाची बोलणी, नोकरी, मुलांची शाळा या प्रत्येक वळणावर पुन्हा उघडू शकते. घरचे परत घ्यायला कचरतात, साक्ष द्यायला ती पुढे येत नाही, खटला ढिला पडतो आणि तिला नेणारा सुटतो. बातमीतल्या शब्दाची किंमत अशी वसूल होते.

मग सर्वांना ‘पीडित’च म्हणायचे का?

हा प्रश्न सोपा नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांविषयीच्या साचेबद्ध शब्दांना पर्याय सुचवणारी पुस्तिका काढली. तिच्यात इंग्रजीतील ‘प्रॉस्टिट्यूट’ऐवजी ‘सेक्स वर्कर’ म्हणावे, असे होते. तस्करीविरोधी काम करणाऱ्या संस्थांनी हरकत घेतली : बळजबरीने आणलेल्या स्त्रीलाही ‘वर्कर’ म्हटले तर तिने हे काम निवडले, असा अर्थ होतो. न्यायालयाने हरकत मान्य केली आणि त्याच वर्षी तस्करीची पीडित, व्यापारी लैंगिक कृतीत असलेली महिला, लैंगिक शोषणासाठी सक्ती झालेली महिला असे वेगवेगळे पर्याय दिले.

दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. आपण स्वतःच्या निर्णयाने हे काम करतो, असे सांगणाऱ्या प्रौढ महिला आहेत. त्यांच्या संघटना आहेत. त्यांना सरसकट ‘पीडित’ म्हणणे म्हणजे त्यांचे म्हणणे न ऐकताच खोटे ठरवणे. ‘नरकातून सुटका’, ‘दलदलीतून बाहेर’ ही भाषा दयेची वाटली तरी ती त्यांना घाणीतच उभे करते.

या वादातून बातमीदाराने घ्यायचा धडा सरळ आहे. छापा पडला त्या रात्री कोण फसवून आणलेली आणि कोण स्वतः आलेली, हे कोणालाच पक्के ठाऊक नसते. मग त्या रात्रीच्या बातमीने ते ठरवू नये. ‘तिथे आढळलेल्या पाच महिला’ हा शब्दप्रयोग कोरडा आहे, पण खरा आहे. चौकशीत फसवणूक किंवा सक्ती समोर आली की ‘तस्करीच्या पीडित’ लिहावे. एखादी महिला स्वतःबद्दल वेगळे सांगत असेल तर तिचा शब्द वापरावा.

अडचण कुठे आहे आणि काय बदलता येईल?

बातमीदाराची बाजूही समजून घ्यायला हवी. रात्री उशिरा समाजसेवा शाखेची किंवा गुन्हे शाखेची प्रेस नोट व्हॉट्सअॅपवर येते. तिच्यातच ‘सापळा’, ‘बनावट ग्राहक’, ‘रंगेहाथ’ हे शब्द असतात. पान जायला अर्धा तास उरलेला असतो, संकेतस्थळावर तर तेवढाही नाही. ‘सेक्स रॅकेट’ शब्द मथळ्यात असला की वाचक वाढतात, हे आकड्यांत दिसते. पण प्रेस नोट ही माहिती आहे, बातमी नव्हे. खुनाच्या प्रकरणात पोलिसांचा दावा ‘पोलिसांचे म्हणणे आहे’ असे लिहून छापला जातो. इथेही तेच करता येते.

काही बदल तर आजपासून शक्य आहेत.

‘सेक्स रॅकेट’ऐवजी गुन्हा लिहावा : देहविक्रयासाठी तस्करी, कुंटणखाना चालवणे, बालकाचे लैंगिक शोषण.

‘रंगेहाथ’, ‘हायप्रोफाइल’, ‘आंबटशौकीन’, ‘ललना’ हे शब्द वगळावेत. वगळल्याने माहिती कमी होत नाही.

वाक्याचा कर्ता आरोपी असावा आणि ‘आरोप आहे’ हे शब्द सोबत असावेत.

कलम आणि ते कोणाविरुद्ध लावले, हे एका ओळीत द्यावे.

कारवाईच्या ठिकाणचे महिलांचे छायाचित्र, चेहरा झाकलेलेसुद्धा, वापरू नये. मूळ गाव, जात, नातेसंबंध टाळावेत.

आणि सर्वांत महत्त्वाचे, सहा महिन्यांनी पुन्हा विचारावे : आरोपपत्र दाखल झाले का, महिला कुठे आहेत, पैसे कोणाकडे जात होते?

सुरुवातीची नमुना बातमी या नियमांनी पुन्हा लिहिली तर अशी होईल : ‘उपनगरातील एका लॉजमध्ये महिलांना देहविक्रय करायला लावल्याच्या आरोपावरून लॉजचा व्यवस्थापक आणि एका महिलेविरुद्ध पोलिसांनी अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियमाच्या कलम ३, ४ आणि ५ खाली गुन्हा दाखल केला. तिथे आढळलेल्या पाच प्रौढ महिलांना दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने संरक्षणगृहात ठेवण्यात आले आहे. त्यांना नोकरीच्या आमिषाने आणले होते का, याची चौकशी सुरू असल्याचे पोलिसांनी सांगितले.’

ही बातमी पहिलीपेक्षा फारशी मोठी नाही. ती कमी चटकदार आहे, हे खरे. पण तिच्यात आरोप कोणावर आहे ते कळते, पुढे काय तपासायचे ते कळते आणि त्या पाच महिलांबद्दल आज जे माहीत नाही ते छापले जात नाही. यातील एखादी महिला उद्या घरी परतली आणि शेजाऱ्याने मोबाइलवर जुनी लिंक काढून दाखवली, तर तिला मान खाली घालावी लागू नये. हा मथळा लिहिणाऱ्याने, आणि तो पुढे पाठवणाऱ्या वाचकानेही, बोट दाबण्याआधी एवढा विचार करायला हवा.